सरळ कर तेवढं

“काकू, एक विचारू? ‘वाइल्ड विलो’ हे नाव तुम्ही कधी ऐकलंय?”

भर बसथांब्यावर, गणवेशात, पाठीवर दप्तर, आणि मागे खांबाआड दोन मैत्रिणी दबा धरून बसलेल्या. पैज वकिलिणीने लावली होती. वकिलीण म्हणजे वर्गातली ती, जी बाईंनी फळ्यावर तारीख लिहिली तरी पुरावा मागते. “गेल्या सुट्टीपासून आमचं डोकं खातेस, पेज फॉलो करा, पेज शेअर करा,” ती म्हणाली होती. “एवढं तुझ्या आईच्या ब्रँडचं नाव झालंय ना? मग विचार कुणाही अनोळखी माणसाला. हो म्हणालं कुणी, तर माझ्या आख्ख्या खानदानाला फॉलो करायला लावते.” दुसरी फुगी, जिचे गाल हसण्याच्या आधीच फुगतात, ती नुसती हुं हुं करत होती. भिंगरीला (घरात सगळे तिला भिंगरीच म्हणत, एका जागी टिकत नसे म्हणून) अशी पैज गेल्या वर्षी कुणी घातली असती, तर तिने पोट दुखतंय म्हणून घर गाठलं असतं. गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही तिचा घसा बसायचा. या वर्षी कुठून कोण जाणे, तिच्या जिभेला पाय फुटले होते आणि ते पाय तिच्या आधी पुढे धावत होते.

बाईने तिच्याकडे वरून खाली पाहिलं. अंगात निळा कोट, उजव्या हातात पांढरी पेटी, पेटीच्या झाकणाला चिकटपट्टी. “केसांचं तेल आहे का?”

खांबामागे फुगा फुटला.

“नाही हो. ब्रँड आहे. पिशव्यांचा.”

“आम्ही कुठले ब्रँडवाले, बाळा,” म्हणत बाईने डाव्या हाताच्या अंगठ्याने खांद्यावरच्या पिशवीची झडप उचलली, बसचा पास बाहेर काढला आणि झडप टपकन मिटली. तेवढ्या वेळात भिंगरीची नजर त्या पिशवीला चिकटली. तपकिरी जाडं कापड. झडप हळदी रंगाची, एका कोपऱ्यात तिरकी कापलेली, तिथे लाकडी बटण. तो हळदी रंग तिला पाठ होता. तो त्यांच्याच बाहेरच्या खोलीतला जुना पडदा होता. त्याच्यामागे ती लहानपणी लपायची आणि खाली पाय दिसतात हे तिला कुणी कितीतरी दिवस सांगितलंच नव्हतं.

“ही... ही कुठली घेतलीत?”

“ही होय? ही डावरीची.”

“कुणाची?”

“डावरीची पिशवी म्हणतो आम्ही. लॅबमधल्या सगळ्याजणींकडे हीच. अगं, या हातात कायम रक्ताच्या नमुन्यांची पेटी, खाली म्हणून ठेवायची नाही. बाकीच्या पिशव्या उघडायला उजवा हात लागतो. ही एकच डाव्याने उघडते. मैदानात बाजार भरायचा ना, तिथे बसायची एक बाई. तिचं नाव कुणाला माहीत! डाव्या हाताने शिवत बसलेली असायची, म्हणून डावरी. आता मैदानात मेल्या गाड्या लावतात.” लांबून बस दिसली तशी बाई घाईला आली. “बहिणीला हवीय माझ्या. मोबाइलवर इतकी शोधली! एक सापडली, हेच कापड, हीच झडप, पण बटण भलतीकडे. नक्कल असणार. चोर मेले. कसलंसं इंग्रजी नाव होतं, झाडाबिडाचं.”

आणि ती पेटीसकट बसमधे चढून गेली.

मग मैत्रिणींनी काय केलं ते सांगायलाच नको. “म्हणजे आरोपीही तूच आणि फिर्यादीही तूच!” वकिलिणीला तर भर रस्त्यात कोर्ट भरवायचं होतं. फुगी ‘डावरी, डावरी’ करत खांबाला धरून हसत होती. हसण्यात वाईट काही नव्हतं, ती फळा पुसताना उडणाऱ्या खडूच्या भुकटीलाही तशीच हसते. पण भिंगरीच्या कानात तो शब्द शिरून बसला. “मी चालत जाते,” म्हणाली आणि निघाली. मागून फुगीची हाक आली, “अगं रागावलीस का?” रागावलीस! रागावायला आधी कुणावर रागावायचं ते ठरावं लागतं, आणि रांग इतकी मोठी होती की तिला टोकनं वाटायला हवी होती.

पहिला मामा. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, ऑफिसात मार्केटिंग करतो, काय करतो ते अजून कुणाला कळलेलं नाही. मैदानातला बाजार उठला आणि आईच्या पिशव्या कपाटावर चढून बसल्या, तेव्हा तो आला, खुर्ची उलटी फिरवून बसला आणि म्हणाला, “ताई, आजकाल वस्तू विकत नाहीत, ओळख विकतात. तुमची कहाणी सांगा. रोज दिसा. दिसला नाहीत तर मेलात.” आई घाबरून म्हणाली, “मला नाही बाई जमायचं रोज दिसायला.” आणि भिंगरी, नवे नवे पाय फुटलेल्या जिभेची भिंगरी, पटकन म्हणाली, “मी करते.” नाव तिनेच ठेवलं. त्यासाठी एक आख्खी दुपार पालथी पडून काढली होती, वहीच्या मागच्या पानावर नावं लिहून खोडून. वाइल्ड विलो. विलोचं झाड तिने जन्मात पाहिलं नव्हतं, पण नाव उच्चारलं की तोंडात कसं गार वाटायचं. बाबांनी ते ऐकलं आणि म्हणाले, “वाईट विळी? छान आहे, धार दिसते.” तेव्हापासून घरात त्याचं नाव वाईट विळीच पडलं. “वाईट विळीचं आज काय?” बाबा जेवताना विचारायचे. वाईट विळीचं रोज तेच असायचं. फोटो टाकायचा. मावशीने ओळीने सात हृदयं टाकायची. कुणीतरी ‘प्राइस?’ विचारायचं, किंमत कळवली की ते माणूस पृथ्वीच्या पाठीवरून नाहीसं व्हायचं. मग मामाचा फोन, वेळ चुकली, सकाळी टाकायला हवं होतं. सकाळी टाकलं, की संध्याकाळी टाकायला हवं होतं. ज्या गाण्यावर सगळ्या जगाच्या पिशव्या नाचतात त्या गाण्यावर तिनेही आईच्या पिशव्या नाचवल्या. गाणं बदललं, नाच बदलला, पिशव्या कपाटावर तशाच. आणि आता कळतंय की लोक शोधत होते. शोधत होते, सापडतही होत्या, आणि ‘चोर मेले’ म्हणून पुढे जात होते. तिला फुटपाथवरच्या दगडाला लाथ मारावीशी वाटली. मारली. दगड जमिनीत पक्का होता.

बटण भलतीकडे. भलतीकडे कसं गेलं ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! पहिला व्हिडिओ घेतला तो दिवस तिला अजून दिसत होता. फोन बटणांच्या पत्र्याच्या डब्याला टेकवून ठेवलेला, पडदा आईकडे, म्हणजे तिला स्वतःला बघता यावं. आई सुई ओवून शिवायला लागली आणि मधेच थांबली. पडद्यावर एक बाई शिवत होती, अगदी आईसारखी, पण उजव्या हाताने. आरशात दिसतं तसं. आईच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते भिंगरीने आधी कधी पाहिलं नव्हतं. नवी साडी अंगाला लावून बघणाऱ्या बाईचं असतं तसं काहीतरी, घेणार नसलेल्या साडीचं. मग व्हिडिओ उघडून बघितला, तर तिथे हात पुन्हा डावा. फोन दाखवताना आरसा होतो आणि साठवताना खरं बोलतो. आईचं तोंड एवढंसं झालं. “हे उलटं झालं गं,” ती म्हणाली. “सरळ कर तेवढं.” एकमेकांकडे पाठ केलेल्या दोन त्रिकोणांचं एक चिन्ह असतं, त्याच्यावर बोट ठेवलं की सगळं जग कूस बदलतं. तिने ठेवलं. त्यात काय एवढं! मग चिठ्ठीचा घोळ झाला, पिशवीवर शिवलेल्या कापडी चिठ्ठीवरचं नाव भुताने लिहिल्यासारखं उलटं दिसायला लागलं. तर तिने शक्कल काढली, व्हिडिओ घ्यायच्या आधी पात्याने चिठ्ठी उसवायची आणि नाव मागून फोनवरच टाकायचं. नाव व्हावं म्हणून चाललेल्या सगळ्या खटाटोपात ती रोज बसून पिशवीवरचं नाव उसवत होती, आणि हे तिला आत्ता, चपलांच्या दुकानासमोर, सिग्नल हिरवा व्हायची वाट बघताना कळत होतं. शहाणी! बारा गावचं पाणी प्यायल्यासारखी बोलणारी शहाणी!

सरळ कर. हा शब्द आईच्या तोंडी कुठून आला तेही तिला माहीत होतं, आणि माहीत असून नसल्यासारखं होतं, जसं आपल्या घराच्या जिन्याला पायऱ्या किती हे असतं. मावशीने सांगितलं होतं, हसत हसत, एका लग्नाला जाताना गाडीत. आई लहान असताना डाव्या हाताने लिहायची म्हणून आजी तो हात रुमालाने बाकाच्या पट्टीला बांधायला सांगायची, शाळेत निरोपच होता तसा. “‘सरळ करते तिला,’ असं म्हणायची गं आमची आई,” मावशी म्हणाली, “आणि ही कशी, बांधलेल्या हाताच्या बोटांनी बाकाखाली दोऱ्याच्या गाठी मारत बसायची!” गाडीतले सगळे हसले. आईसुद्धा हसली. मग लग्नात जेवताना भिंगरीने बघितलं, चार लोक समोर बसल्याबरोबर आईने चमचा या हातातून त्या हातात घेतला, इतक्या सफाईने, की वाटावं चमचाच आपण होऊन चालत गेला. लिहायला आई उजव्या हाताने शिकली, अक्षर वाटाणे सांडल्यासारखं. पण सुई तिने दिली नाही. कात्री दिली नाही. बाजारात मिळणाऱ्या सगळ्या कात्र्या उजव्या हाताच्या. ती त्या डाव्या हातात धरून दांड्या आतल्या बाजूला दाबत कापते, आणि तिच्या अंगठ्याच्या बुडाशी त्या दाबाचा एक कडक, पिवळट घट्टा आहे. तापात कपाळावर हात ठेवते तेव्हा तो घट्टा आधी लागतो. भिंगरीला अंधारात शंभर हातांमधून आईचा हात ओळखता आला असता. आणि तोच हात तिने रोज, न चुकता, एका बोटाने नाहीसा केला होता. वर गाणं लावून.

बाबांचं दुकान वाटेतच होतं. दुकान बाबांचं नव्हे, मालकाचं. बाबा मागच्या खोलीत चष्म्याच्या काचा घासून फ्रेममधे बसवतात आणि मालक नसले की डोळेही तपासतात. खोली आखूड आहे, अक्षरांचा तक्ता पुरेशा अंतरावर टांगायला जागाच नाही, म्हणून तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे आणि समोर आरसा. तक्त्यावरची अक्षरं मुद्दाम उलटी छापलेली, ती आरशात सुलटी होतात. भिंगरी त्या खुर्चीत जाऊन धपकन बसली.

“डोळे तपासायचेत?” बाबा भिंग डोळ्यावरून वर सरकवत म्हणाले. “की नुसतेच वटारायचेत?”

“बाबा, चेष्टा नको.” ती आरशातल्या अक्षरांकडे बघत राहिली. “कुणी मागे वळून खराच तक्ता वाचायला गेलं तर?”

“जातात ना. मग घाबरतात. म्हणतात, साहेब, माझं अक्षरज्ञानच गेलं.” ते फुंकर मारून काच पुसायला लागले. “काय झालं?”

तिने सांगितलं. तेलापासून चोरापर्यंत सगळं, एका दमात, हातवारे करत. बाबा ‘केसांचं तेल’ला हसले, ‘डावरी’ला हसले नाहीत. शेवटी ती म्हणाली, “आणि आई ऐकतच नाही हल्ली काही! टाके बघितलेत तिचे? वाकडे, सैल. परवा मी म्हटलं, अगं असल्या पिशव्या मी काय दाखवू लोकांना? तर नुसती गप्प. वर कपड्यांच्या मोठ्या दुकानाला हो म्हणायला निघालीय. पँटी आखूड करत बसणार दिवसभर, भिंतीकडे तोंड करून. सोमवारी सांगायचंय म्हणे. मग मी कशाला मरतेय इथे?”

बाबांनी काच खाली ठेवली. “उद्या तुमचं ते काय आहे? मामाने सुचवलेलं?”

“लाइव्ह.”

“ते सरळ करता येतं का नंतर?”

“लाइव्ह म्हणजे लाइव्ह, बाबा. त्यात नंतर कुठून...” ती बोलता बोलता थांबली. आरशात तिचं तोंड उघडंच राहिलेलं तिला दिसलं.

“हां,” बाबा म्हणाले. “म्हणून ती उजव्या हाताने शिवायला शिकतेय. तू शाळेत गेलीस की बसते. मला म्हणाली, पोरीला सांगू नका, पोरीने एवढं केलंय, तिची फजिती नको चारचौघांत.”

पुढचा रस्ता ती बाबांच्या दोन पावलं पुढे चालली. बाबांनी दुकानातून लवकर निघायला मालकाला काय कारण सांगितलं ते तिने विचारलं नाही. तिला इतका संताप आला होता की तो कुठे ठेवावा ते समजत नव्हतं, आणि संतापाच्या बुडाशी दुसरंच काहीतरी हुळहुळत होतं. फजिती! आपली फजिती होऊ नये म्हणून आई पुन्हा त्या बाकावर जाऊन बसली होती, आणि या खेपेला रुमाल कुणी बांधला होता? त्यातच तिच्या डोक्याने एक घाण गोष्ट केली. आपोआप केली, सवयीने. तिला डोळ्यांसमोर व्हिडिओच दिसला: लाकडी बाक, रुमालाने बांधलेला छोटा हात, मग घट्टा पडलेला मोठा हात, खाली हळू वाजणारी बासरी. तुमची कहाणी सांगा. हजारोंनी बघितला असता. मामाने फोन करून रडून दाखवलं असतं. लॅबमधल्या, लॅबबाहेरच्या सगळ्यांनी अश्रूंच्या रांगा टाकल्या असत्या आणि ‘प्राइस?’ विचारलं असतं. तो पूर्ण दिसला, अगदी गाण्यासकट, आणि तिला स्वतःच्या डोक्याची शिसारी आली, ताटात केस निघावा तशी. तिने मान झटकली. बाबांनी विचारलं, “माशी?” ती म्हणाली, “हो. मोठी होती.”

बाहेरच्या खोलीत उजेड अजून होता. शिवणयंत्र खिडकीशी, कपाटावर पिशव्यांची उतरंड, आणि आई खाली बसलेली. दार वाजल्याबरोबर तिने हातातलं कापड पाठीमागे सारलं.

“दोघं एकदम? आज काय विशेष?”

“दाखव,” भिंगरी म्हणाली.

“काय दाखवू?”

“पाठीमागे आहे ते.”

आईने बाबांकडे पाहिलं, बाबांनी छताकडे. मग तिने कापड पुढे केलं. टाके निघाले होते एका रेषेत आणि वाटेत त्यांना कुणीतरी भलताच पत्ता सांगितला होता. “जमेल उद्यापर्यंत,” आई म्हणाली. “पहिल्यापेक्षा बरंय.”

“या टाक्यांना चष्मा लागलाय,” बाबा म्हणाले. आई हसली नाही.

मग भिंगरीने बसथांब्याची गोष्ट सांगितली. या वेळी हातवारे न करता. आईने मधे एकदाच विचारलं, “लॅबमधे सगळ्याजणींकडे?” “सगळ्याजणींकडे.” आईचा चेहरा जरा उजळला, मग तिने विचारलं, “आणि नाव काय म्हणाली माझं?”

भिंगरीने बाबांकडे पाहिलं. छताकडे बघणं तिलाही जमलं असतं, पण तिने ते टाळलं. “डावरी.”

आईचा डावा हात मांडीवरच्या कापडाखाली गेला. कसा गेला ते कळलंही नाही. “हसल्या असतील तुझ्या त्या दोघी.”

“हसल्या.”

“मग आता तेच नाव लावणार का? मामाला कळलं तर उड्याच मारेल तो.” आईचा आवाज चिरकला. “लहानपणी ऐकलं तेवढं पुरे झालं नाही का गं? मी म्हणते, एवढ्यासाठी का मी बाजारात बसत होते? पाठीमागे मला असं म्हणायच्या त्या?”

“तुला नाही गं, आई! पिशवीला म्हणायच्या. ती बाई चिडली होती, माहितीये? तुझ्यावर नाही, माझ्यावर. कुणीतरी डावरीची पिशवी चोरली म्हणून. चोर मेले म्हणाली, भर रस्त्यात. माझ्या तोंडावर!”

बाबांच्या नाकातून फुस्स असा आवाज आला. आईने त्यांच्याकडे रागाने बघितलं, मग भिंगरीकडे, आणि तिच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण तेवढाच. आईने ते वाकडे टाके पुन्हा एकदा डोळ्यांजवळ धरून पाहिले, आपल्याच कुणा नालायक भावंडाकडे बघावं तसे, आणि चक् करून कापडाखालून हात काढला. कात्रीचं टोक पहिल्या टाक्याखाली गेलं. डाव्या हाताला बोलायची सवय नव्हती, त्याने भराभर उसवायला सुरुवात केली, दोरे मांडीवर पडत गेले, आणि आईला स्वतःला ते कळत होतं की नव्हतं कुणास ठाऊक. अंगठ्याच्या बुडाशी तो पिवळट घट्टा दाबला जाऊन पांढरा होत होता.

भिंगरी उभी राहिली. बसून बोलता येण्यासारखं हे नव्हतं. दप्तर अजून पाठीवरच होतं, ते काढायचं राहिलं होतं.

“आई, बाबा, ऐका. मी ठरवलंय. वाईट विळी आजपासून बंद. उद्या लाइव्ह होईल नाहीतर नाही होणार, ते आईने सांगायचं. नावही आईने ठेवायचं, नको असेल तर बिननावाची पिशवी दाखवीन. सोमवारी त्या दुकानाला काय सांगायचं तेही तिचं तिने बघावं, मी मधे बोलणार नाही. त्या बाकाचं, त्या रुमालाचं एक अक्षर मी कुठे टाकणार नाही, मामा पाया पडला तरी. पण एक माझं आहे, ते मी ठरवलंय, आणि त्यात कुणी मला काही सांगायचं नाही.” तिचा घसा बसायला लागला होता, पार गेल्या वर्षीसारखा, पण जीभ पुढे गेलीच. “आई, यापुढे मी तुला सरळ करणार नाही.”